एकच आरंभ, वेगळे डाव : समान संहिता आणि वाचकाची स्मृती

बुद्धिबळाचा डाव संपला की दोघे खेळाडू पुष्कळदा लगेच उठत नाहीत. मोहरे पुन्हा मूळ जागी लावले जातात आणि झालेला डाव सावकाश, अडखळत, मागेपुढे जात पुन्हा चालवला जातो. एक जण सांगतो की दहाव्या चालीपर्यंत त्याला आपली बाजू निर्धास्त वाटत होती. दुसरा सांगतो की चौथ्या चालीलाच प्रतिपक्षाचा उंट अडकून पडणार हे त्याला दिसले होते. दोघांपुढे आरंभी एकच स्थिती होती, दोघांनी एकच डाव खेळला. तरी दोघांनी अनुभवलेला डाव एक नव्हता. हे वेगळेपण दोघांना उमगते ते खेळताना नव्हे, तर नंतरच्या या संभाषणात. साहित्यविचाराने बुद्धिबळाचा दृष्टान्त वारंवार वापरला आहे. परंतु तो खेळाचा वापरला. खेळानंतरच्या या बोलण्याचा नव्हे. वाचकलक्ष्यी समीक्षेच्या काही अडचणी या निवडीतूनच निर्माण झालेल्या दिसतात.

मराठी समीक्षेत गेल्या काही दशकांत ‘एक संहिता, अनेक वाचने’ हे सूत्र इतके रुळले आहे की त्याचे समर्थन करण्याची गरज कोणाला वाटत नाही. कृतिनिष्ठ समीक्षेच्या बंदिस्तपणाला कंटाळलेल्या अभ्यासकांना ते मुक्ततेचे वाटले, आणि त्या वेळी ते तसे होतेही. परंतु या सूत्रातला पहिला शब्द कोणी तपासत नाही. संहिता ‘एक’ आहे हे कशावरून ठरते? दोन वाचकांच्या हाती एकच मुद्रित पृष्ठ आहे, एवढे त्यासाठी पुरेसे धरले जाते. बुद्धिबळाचा पट या गृहीताची कसोटी पाहण्यास सोयीचा आहे, कारण तेथे समान आरंभ हा योगायोग नसून नियमच असतो.

फर्दिनां द सोस्यूर याच्या मरणोत्तर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात बुद्धिबळाचा दृष्टान्त एकापेक्षा अधिक ठिकाणी येतो. हा खेळ पर्शियातून युरोपात गेला ही बाब त्याच्या मते बाह्य आहे. लाकडी मोहऱ्यांऐवजी हस्तिदंती मोहरे घेतले तर व्यवस्थेत काही बदलत नाही. मोहऱ्यांची संख्या कमीजास्त केली तर मात्र खेळाचे ‘व्याकरण’च बदलते. दुसऱ्या एका ठिकाणी तो म्हणतो की पटावरची कोणतीही स्थिती तिच्या पूर्वस्थितींपासून मोकळी असते. डाव आरंभापासून पाहणाऱ्याला, ऐन मोक्याच्या क्षणी सहज डोकावलेल्या माणसापेक्षा, ती स्थिती समजून घेण्यात काही अधिक लाभ नसतो. भाषेच्या एककालिक अभ्यासाची बाजू मांडण्यासाठी हा दृष्टान्त योजला आहे आणि तो त्या कामापुरता प्रभावी आहे.

खेळाडूला मात्र तो पटणार नाही. किल्लेकोट करता येतो की नाही हे नुसता पट पाहून कळत नाही. राजा किंवा हत्ती एकदा हलून परत स्वस्थानी आला असेल तर स्थिती डोळ्यांना तीच दिसते, पण अधिकार गेलेला असतो. दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने वाटेत मारायचे असेल तर ते पुढच्याच चालीत मारावे लागते. एक चाल गेली की हक्क संपला. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते, आणि ती तिसऱ्यांदा आली आहे हे पट सांगत नाही. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतींत तर हे अधिक ठळक होते. राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेता येई, परंतु त्याला त्याआधी शह बसलेला नसेल तरच. म्हणजे सोस्यूरचा तो सहज डोकावलेला माणूस दोन प्रश्न विचारल्याशिवाय काही सांगू शकत नाही. यावर सोस्यूरच्या बाजूने उत्तर देता येईल की हे हक्क स्थितीचाच भाग मानावेत. आज डावाची स्थिती संक्षेपाने लिहिताना पटाबरोबर किल्लेकोटाचे हक्क, वाटेत मारण्याची शक्यता आणि चालींची गणती नोंदवतात ती याचसाठी. उत्तर बिनतोड आहे, पण ते महागात पडते. भूतकाळ दारातून घालवून खिडकीतून आत घ्यावा लागतो.

एक स्थिती मात्र अशी आहे की जेथे सोस्यूरचे विधान अक्षरशः खरे ठरते : आरंभाची. तेथे काही घडलेले नाही, सर्व हक्क शाबूत आहेत, मागचे काही लपलेले नाही. डोकावणारा आणि पहिल्यापासून बसलेला, दोघांची माहिती सारखीच. म्हणून दोन खेळाडूंच्या अनुभवांत जी तफावत आरंभीच दिसते तिचे कारण त्या डावाच्या पूर्वेतिहासात शोधता येत नाही. ते अन्यत्र, खेळाडूच्या आणि त्याच्या समूहाच्या पूर्वेतिहासात शोधावे लागते.

उदाहरणासाठी साक्री हे गाव घ्यावे. धुळ्याहून पश्चिमेकडे सुरतेच्या रस्त्यावरचे, पांझरा आणि कान या नद्यांच्या मुलखातले हे तालुक्याचे ठिकाण. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, पिंपळनेरच्या बाजूला कोकणी आणि भिली बोलणारी वस्ती, आणि पुढे थोड्याच अंतरावर गुजरातची सीमा. अशा गावी आजोबा देशी चालीने बुद्धिबळ शिकलेले असावेत आणि नातू शाळेतल्या स्पर्धेसाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी, ही कल्पना करण्यास अवघड नाही. दोघे ओट्यावर पट मांडून बसले तर आरंभ एकच दिसेल. परंतु नातवापुढे पहिल्या चालीच्या वीस शक्यता आहेत : प्रत्येक प्याद्याच्या दोन आणि दोन घोड्यांच्या मिळून चार. जेथे प्यादे एका वेळी एकच घर चालते अशा पद्धतीत, राजाची उडी बाजूला ठेवली तर, आजोबांपुढे बाराच आहेत. दोन्ही बाजूंची एकेक चाल झाल्यावर नातवाचा डाव चारशे स्थितींपैकी एकीत असतो, आजोबांचा एकशे चव्वेचाळीसपैकी एकीत. त्यातही काही देशी पद्धतींत दोन्ही राजे समोरासमोर मांडत नसत. राजासमोर वजीर येई. तसे असेल तर आरंभच एक नाही, आणि तो एक नाही हे ध्यानात यायला दोघांनी पटाच्या मध्याकडे जरा निरखून पाहावे लागेल.

सोस्यूरच्याच निकषाने हा बदल बाह्य नव्हे, व्याकरणाचा आहे. प्याद्याचे ‘मूल्य’ दोन्ही व्यवस्थांत वेगळे आहे. खेळ पर्शियातून गेला की आणखी कोठून, हे बाह्य खरे. परंतु वाटेत प्याद्याला दुसरे घर मिळाले आणि वजिराच्या जागी अमर्याद चालणारी राणी आली, हे आंतरिक. एका व्यवस्थेतून दुसरीत जाणाऱ्या खेळाडूला ही दोन्ही एकत्र भोगावी लागतात. दृष्टान्तात ज्याची वासलात एका वाक्यात लागली त्याचाच त्याला सामना करावा लागतो.

या सामन्याचा मराठी मुलखातला एक जुना दाखला अभ्यासकांच्या फारसा वाचनात नाही. पेशव्यांच्या आश्रयाने त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळविषयक संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापले गेले. भाषांतर स्वतः शास्त्रींचेच होते, आणि ‘युरोपीय पद्धतीच्या खेळास अनुरूप केलेले’ असा त्याच्या शीर्षकातच खुलासा होता. ग्रंथात मुख्यतः आहेत त्या कूटस्थिती : मांडलेला पट आणि त्यातून साधायची मात. एका नियमव्यवस्थेतली स्थिती दुसऱ्या व्यवस्थेत नेताना काय करावे लागते याचा विचार शास्त्रींना करावा लागला असणार हे उघड आहे. ज्या स्थितीत प्याद्याच्या पहिल्या चालीचा किंवा राजाच्या उडीचा प्रश्न येतच नाही ती जशीच्या तशी सीमा ओलांडते. जेथे तो येतो तेथे स्थिती बदलावी तरी लागते किंवा सोडून द्यावी लागते. भाषांतरमीमांसेत ‘अभाषांतरणीय’ या संज्ञेभोवती जो गूढपणा साठला आहे, तो येथे नाही. काय नेता येत नाही आणि का, हे चालीगणिक दाखवता येते. शब्दांच्या बाबतीत तेवढी सोय नाही हे मान्यच, परंतु प्रश्न त्याच जातीचा आहे.

ही झाली नियमांचीच भिन्नता. साहित्यविचाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो दुसरा प्रकार : नियम दोघांनी एकच मान्य केले आहेत, दोघे ते अचूक पाळतात, तरी एकाच आरंभातून ते दोन वेगळ्या गोष्टी करतात. याचे इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण कलकत्त्याचे आहे. जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर आपल्या काळातल्या नामांकित खेळाडूंपैकी एक. १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्याची गाठ मुफस्सलातून आलेल्या महेशचंद्र बॅनर्जी या ब्राह्मण खेळाडूशी पडली आणि पुढे दशकभर दोघांनी शेकडो डाव खेळले. महेशचंद्र देशी पद्धतीत वाढलेले. कॉक्रनशी खेळताना त्यांनी युरोपीय नियम स्वीकारले. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे आहेत हे त्यांना ठाऊक होते आणि गरज पडे तेव्हा ते तशी चालतही. परंतु काळ्या बाजूने खेळताना ते मध्यभाग लगेच बळकावण्याच्या भरीस पडत नसत. प्यादी एकेक घर सरकवायची, उंट बाजूच्या कर्णावर आणून ठेवायचा, प्रतिपक्षाला मध्यभागी येऊ द्यायचे आणि मग त्या मध्यभागावर दुरून मारा करायचा, अशी त्यांची रीत होती. प्यादे एकच घर चालते अशा खेळात मुरलेल्या माणसाची ती पावले होती.

तत्कालीन युरोपीय दृष्टीला हे चमत्कारिक, अनियमित वाटणे स्वाभाविक होते. राजाच्या पुढचे प्यादे दोन घरे नेऊन मध्यभाग धरणे हेच त्या काळी चांगल्या सुरुवातीचे लक्षण मानले जाई. कॉक्रनविरुद्ध १८५५ साली महेशचंद्रांनी काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेला एक डाव आज ग्रुनफेल्ड बचावाचा आद्य नमुना म्हणून दाखवतात. ज्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डचे नाव त्याला मिळाले त्याने तो स्पर्धात्मक खेळात आणला १९२२ साली, म्हणजे ६७ वर्षांनी. ‘इंडियन बचाव’ या नावाने ओळखले जाणारे सारे कुलही १९२० च्या दशकातल्या नवमतवादी खेळाडूंमुळे प्रतिष्ठित झाले. जे आधी अशुद्ध उच्चारासारखे वाटले ते पुढे व्याकरणाच्या पुस्तकात गेले.

देशीवादाच्या चर्चेत हे उदाहरण उपयोगी पडावे, परंतु त्याचा सोपा उपयोग करण्याचा मोह आवरला पाहिजे. महेशचंद्रांनी परके नियम नाकारले नाहीत. देशी नियमांनीच खेळेन असा हट्ट धरला असता तर कॉक्रनशी डावच झाला नसता आणि ‘इंडियन’ हे विशेषणही कोणत्या बचावाला लागले नसते. त्यांचे देशीपण नियमांत नव्हते. ते स्मृतीत होते, आणि परक्या नियमांच्या आत राहून ते एक पद्धत म्हणून व्यक्त झाले. दुसरे असे की कॉक्रनविरुद्धच्या उपलब्ध डावांपैकी बहुसंख्य डाव महेशचंद्र हरले. वेगळेपण हे विजयाचे प्रमाणपत्र नव्हते. आणि तिसरी, जराशी बोचरी गोष्ट : या पद्धतीला नाव मिळाले ते दुसऱ्यांकडून, दुसऱ्या खंडात, ती दुसऱ्यांना उपयोगी ठरल्यावर.

नियम, स्मृती आणि उणीव या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठी मीर सुलतान खान यांचे उदाहरण महेशचंद्रांच्या शेजारी ठेवावे. पंजाबातून सर उमर हयात खान यांच्याबरोबर ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी, १९२९ मध्ये, ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३२ आणि १९३३ सालीही ते जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला हरवले. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना मरणोत्तर ग्रँडमास्टरचा मान दिला तो २०२४ साली. तेही देशी खेळातून आलेले. परंतु डावाच्या सुरुवातीला त्यांची जी ओढाताण होई ती बव्हंशी माहितीच्या अभावामुळे होई. छापील ग्रंथांत साठलेले सुरुवातींचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते, आणि बिघडलेली स्थिती ते डावाच्या मध्यात व अखेरीस आपल्या बुद्धीने सावरत. यातल्या प्रत्येक अडखळण्याला ‘पर्यायी वाचन’ म्हणून गौरवणे म्हणजे त्यांच्या खऱ्या सामर्थ्याकडे दुर्लक्ष करणे होय. आपल्या समीक्षेत ही गल्लत सर्रास होते. वाचकाला संदर्भ ठाऊक नसणे आणि वाचकाने वेगळा संदर्भ आणणे, या दोन गोष्टी ‘वाचकाचे स्वातंत्र्य’ या एकाच नावाखाली जमा केल्या जातात.

स्टॅन्ली फिश याचा प्रसिद्ध प्रयोग या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहण्याजोगा आहे. १९७१ सालच्या उन्हाळ्यात बफेलो येथील विद्यापीठात आधीच्या तासाला फळ्यावर लिहिलेली भाषाशास्त्रज्ञांच्या नावांची यादी त्याने तशीच ठेवली आणि पुढच्या तासाच्या विद्यार्थ्यांना ही धार्मिक कविता आहे असे सांगितले. ते विद्यार्थी सतराव्या शतकातल्या धार्मिक इंग्रजी काव्याचे अभ्यासक. त्यांनी त्या नावांतून प्रतीके, बायबलचे संदर्भ, आकृतिबंध सारे काही काढून दाखवले. अर्थ संहितेत नसतो, अर्थनिर्णायक समूहाच्या संकेतांत असतो, असा निष्कर्ष फिशने १९८० सालच्या आपल्या ग्रंथात मांडला. समूहाच्या स्मृतीचे बळ या प्रयोगाने दाखवले हे निर्विवाद आहे. परंतु तेथे सगळे एकाच बाजूने खेळत होते. समोर कोणी नव्हते. एकाही विद्यार्थ्याला त्याची चाल मागे घ्यावी लागली नाही, कारण उत्तरादाखल चाल करणाराच नव्हता. एकाच यादीवर भाषाशास्त्राचा विद्यार्थी आणि काव्याचा विद्यार्थी यांना समोरासमोर बसवले असते तर काय झाले असते, हा अधिक रोचक प्रयोग फिशने केला नाही. वोल्फगांग इझरच्या मांडणीत निदान संहिता प्रतिकार करते. वाचकाने भरलेली रिक्त जागा पुढचे वाक्य मोडू शकते. डावाच्या अनुभवाला इझर अधिक जवळचा आहे, जरी त्याचा गर्भित वाचक अंमळ अधिकच सुशिक्षित आणि एकभाषिक असला तरी.

एकभाषिकतेच्या या मुद्द्याशी साक्रीचा वाचक पुन्हा येतो. या वेळी पटासमोर नव्हे, पुस्तकासमोर. ‘मना’ हा शब्द घ्यावा. प्रमाण मराठीत तो ‘मन’ या नामाचे संबोधन आहे. अहिराणीत ‘मना’ म्हणजे ‘माझा’ : मना भाऊ, मनी माय, मनं गाव. समर्थांच्या ‘मनाच्या श्लोकां’त हे संबोधन पुनःपुन्हा येते आणि कित्येक श्लोकांचा आरंभच त्याने होतो. रामदासी वाङ्मयाचा मोठा हस्तलिखितसंग्रह शंकर श्रीकृष्ण देवांनी ज्या धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात जमवला, त्याच जिल्ह्यातल्या अहिराणी घरातून आलेल्या मुलाच्या कानावर हा शब्द पहिल्यांदा पडतो तेव्हा क्षणभर तरी तो ‘माझा’ असा ऐकू येण्याची शक्यता आहे. मुद्रित पृष्ठ सर्वांपुढे एक आहे, पहिला शब्द अक्षराला अक्षर तोच आहे, आणि तरी त्याचे मूल्य एक नाही. पटावर मांडलेले ते एकच प्यादे आहे. एकाकडे त्याची एक घराची चाल आहे, दुसऱ्याकडे दोन घरांची.

हे चुकीचे वाचन आहे काय? आहे. पुढचाच शब्द ते टिकू देत नाही. ‘माझा’ नंतर जे नाम यावे ते येत नाही आणि वाक्याची रचना वाचकाला माघार घ्यायला लावते. कोणत्याही तात्त्विक औदार्यापोटी ही चूक नाही असे म्हणता येणार नाही. शिक्षकाने ती दुरुस्त केली तर त्यात दडपशाही नाही. परंतु दुरुस्तीनंतर काय उरते हा खरा प्रश्न आहे. प्रमाण मराठीच्या वाचकाला ‘मना’ हे एका परक्यासारख्या, ताळ्यावर आणायच्या मनाला बाहेरून घातलेले संबोधन वाटते. अहिराणीच्या वाचकाच्या कानात त्याच ध्वनीत स्वामित्वाचा, आपलेपणाचा स्वर शिल्लक राहतो. ज्याला बजावायचे ते ‘माझे’च आहे ही जाणीव त्याला शब्दार्थाने नव्हे तर नादाने होते. नियम पूर्णपणे मान्य केल्यावरही उरलेली ही स्मृती महेशचंद्रांच्या एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांच्या जातीची आहे. तिची गणना चुकीत होत नाही आणि तिला दुसरा अर्थही म्हणता येत नाही. उरिएल वाइनराइख याने १९५३ साली भाषासंपर्काविषयी लिहिताना, एका भाषेच्या सवयी दुसरीत कशा उतरतात याचे पद्धतशीर वर्णन केले. वाचनाच्या बाबतीत तसे वर्णन करण्याची गरज मराठी समीक्षेला अद्याप वाटलेली नाही, याचे आश्चर्य वाटते. कारण मराठीच्या वाचकांतला मोठा भाग घरी दुसरीच बोली बोलतो.

सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या १९७७ सालच्या चित्रपटाचा येथे ओझरता उल्लेख करण्यास हरकत नाही, कारण नियमबदलाचा प्रश्न त्यांनी प्रेमचंदांच्या १९२४ सालच्या कथेत बाहेरून आणून घातला. कथेत दोन्ही सरदार डावावरून भांडून एकमेकांना मारतात. राय त्यांना जिवंत ठेवतात. अवध खालसा होण्याच्या त्या दिवसांत एक मुन्शी त्यांना इंग्रजी पद्धतीचा खेळ समजावून सांगतो : वजिराच्या जागी राणी, प्याद्याला पहिल्या खेपेस दोन घरे, डाव झटपट संपतो. शेवटी दोघे तेच मोहरे इंग्रजी रीतीने मांडून खेळायला बसतात. राज्यबदलाचे प्रतीक म्हणून या दृश्याचा अर्थ अनेकांनी लावला आहे आणि तो अर्थ दिग्दर्शकाने जवळजवळ हातातच ठेवला आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की नवे नियम घेऊन बसलेल्या या दोघांचे हात जुनेच आहेत. ते पहिली चाल कशी करतील हे चित्रपट दाखवत नाही. ते दाखवले असते तर प्रतीकाच्या पुढचे काही हाती लागले असते.

डावानंतरच्या संभाषणाचे महत्त्व याच ठिकाणी आहे. तेथे तीन गोष्टी एकाच वेळी असतात. आरंभ आणि चाली दोघांना मान्य असलेल्या, नोंदलेल्या असतात. ‘माझ्यापुरती ही चाल वेगळी होती’ असे कोणाला म्हणता येत नाही. निकाल लागलेला असतो, त्यामुळे आपले प्रत्येक अनुमान योग्यच होते असा दावा किमान एकाला तरी सोडावा लागतो. आणि तरीही बोलण्याचा विषय निकाल नसतो : कोणत्या क्षणी कोणाला काय दिसले, काय दिसले नाही, कशाची भीती विनाकारण वाटली, हा असतो. हरलेल्याला दिसलेली एखादी शक्यता जिंकणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हती, असे कित्येकदा निघते, आणि ती पटावर मांडून पाहिल्यावर बरोबर ठरते. डाव हरूनही वाचन जिंकते. फक्त खेळाचा दृष्टान्त घेणारा सिद्धान्त या शक्यतेला जागा देऊ शकत नाही. तेथे एक तर सर्व चाली सारख्याच वैध ठरतात किंवा निकालावरून साऱ्यांचे मोल ठरते. वर्गात किंवा नियतकालिकात एकाच कवितेची दोन वाचने शेजारी छापली जातात तेव्हा ती बहुधा दोन वेगळ्या पटांवर स्वतंत्रपणे खेळलेल्या डावांसारखी असतात. दुसऱ्या वाचनातली नेमकी कोणती ओळ पहिल्याला अडवते, हे कोणी विचारत नाही. सौजन्य राहते, तुलना होत नाही.

तुलना होण्यासाठी दोघांपाशी बोलण्याची संधी असावी लागते, ही साधी अट मात्र विसरता येत नाही. बॉबी फिशरने १९९६ साली ब्युनोस आयर्स येथे मागच्या ओळीतल्या मोहऱ्यांची मांडणी चिठ्ठीने ठरवण्याची पद्धत जाहीर केली, तीत ९६० आरंभस्थिती शक्य होतात. हेतू हा की पाठ केलेल्या सुरुवातींची स्मृती निरुपयोगी व्हावी आणि दोघांनी सारख्याच अज्ञानातून निघावे. या पद्धतीच्या अलीकडच्या काही स्पर्धांत डावाआधी थोडा वेळ पांढऱ्या बाजूच्या खेळाडूंना आपसांत आणि काळ्या बाजूच्यांना आपसांत नव्या मांडणीविषयी बोलू देतात. स्मृती पुसली की खेळाडू पहिली गोष्ट करतात ती शेजाऱ्याला ‘तुला काय दिसते’ हे विचारण्याची. संपूर्ण कोऱ्या आरंभाची कल्पना तेथेही टिकत नाही. काही मिनिटांत एक लहानसा समूह आणि त्याची लहानशी परंपरा तयार होते.

महेशचंद्रांना तशी संधी मिळाली की नाही हे त्यांच्या चालींवरून कळत नाही. मुफस्सलातल्या या खेळाडूची पहिली ओळख बाहेरच्या जगाला झाली ती १८५० साली एका इंग्रजी बुद्धिबळ मासिकात आलेल्या, कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळातल्या एका सदस्याच्या पत्रातून. डाव पुढे छापले गेले, त्यांवर टिपणे आली ती युरोपीयांची, आणि बचावाला नाव पडले तेही तिकडेच. दोघे डाव संपल्यावर पटाशी बसून काही बोलत असतील, एकेक घर सरकवलेल्या प्याद्याविषयी कॉक्रनने काही विचारले असेल आणि महेशचंद्रांनी कोणत्या तरी भाषेत त्याचे उत्तर दिले असेल. छापलेल्या डावांत त्यांचे प्यादे एक घर पुढे गेल्याची नोंद आहे. ते दोन घरे का गेले नाही, याचे त्यांच्या तोंडचे कारण त्या नोंदीत नाही.